वाळूतली खुंटी : गळाच्या काठीला भक्कम आधार

म्हसा, मुरबाड, शहापूर हा मुलूख समुद्रापासून दूर. पण इथला माणूस पाण्याला परका नाही. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हासचे पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. पाऊस पडला की ओढ्याकाठी गळ घेऊन बसलेली माणसे गावोगाव दिसतात. नोकरीनिमित्त कल्याण, डोंबिवली, विरारकडे गेलेली इकडची मंडळी सुटीच्या दिवशी काठी-रीळ घेऊन अर्नाळा, कळंब, राजोडी, केळवा अशा किनाऱ्यांवरही जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी हे सारे किनारे ठाणे जिल्ह्यातच होते.

ओढ्यावर काठी हातात धरून भागते. समुद्रावर तसे नाही. तिथे काठी आठ-दहा फुटांची, शिसे जड, लाटेचा धक्का सततचा आणि मासा कधी लागेल याचा नेम नाही. तासाभरात हात भरून येतात. मग कोणी काठी वाळूवर आडवी टाकतो आणि रिळाच्या दात्यांत वाळू जाते. कोणी दोरा मनगटाला किंवा पायाच्या अंगठ्याला गुंडाळून बसतो. ही सवय फार वाईट. मोठा मासा लागला की बारीक नायलॉनचा दोरा मांसात रुततो आणि तो सोडवायला वेळ मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे काठी पाण्यात ओढली गेली की तिच्यामागे माणूस धावतो. काठी हजार-दोन हजारांची असेल. पण तिच्यासाठी घरचा कर्ता माणूस लाटेत शिरला तर त्याची भरपाई कशाने करणार?

यावर उपाय साधा आहे. वाळूत रोवायची पोकळ खुंटी! ती घरच्या घरी तयार होते.

बांबूची खुंटी

आपल्या भागात बांबूला तोटा नाही. मात्र बांबू भरीव नको. कळकासारखा जाड आणि आतून पोकळ हवा. पोकळी दीड ते दोन इंच असावी. काठीची मूठ सहज आत जावी, पण डुगडुगू नये. बांबूच्या प्रत्येक पेराला गाठ असते, हीच मोठी सोय. त्या गाठीचाच तळ होतो, वेगळा खिळा-बोल्ट लागत नाही. गाठीच्या वर दहा-बारा इंच पोकळ पेर आणि गाठीच्या खाली अडीच-तीन फूट लांबी राहील, असा तुकडा कापावा. खालचे टोक कोयत्याने तिरपे तासून अणकुचीदार करावे. गाठीच्या लगेच वर बाजूला एक बारीक भोक पाडावे, म्हणजे आत साठलेले पाणी निघून जाईल. तोंड चिरू नये म्हणून दोन ठिकाणी तार घट्ट गुंडाळावी आणि कड कानशीने घासून गुळगुळीत करावी. ओला बांबू वापरू नये. तो सावलीत वाळवावा, नाहीतर पुढे तडकतो.

बांबू कुठून आणायचा, हेही पाहावे. २०१७ साली केंद्र सरकारने वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला. त्यामुळे आपल्या शेतातला, बांधावरचा बांबू तोडण्यास पूर्वीसारखी अडचण राहिली नाही. राखीव जंगलातल्या बांबूला मात्र ही सूट नाही.

पाइपची खुंटी

बांबू न मिळाल्यास प्लास्टिकचा पाण्याचा पाइप घ्यावा. लांबी चार फूट, व्यास दीड ते दोन इंच आणि भिंत जाड. विजेच्या वायरिंगचा पातळ पाइप वाकतो, तो नको. खालचे टोक करवतीने तिरपे कापावे. तोंडापासून सुमारे एक फूट खाली आरपार भोक पाडून पाव इंची बोल्ट बसवावा. काठीची मूठ या बोल्टवर टेकते. बोल्टला गंज चढतो, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे.

रोवण्याची रीत

खुंटी कधीही दगडाने ठोकू नये, तोंड फुटते. ती दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवत दाबावी आणि बुंध्याशी थोडे पाणी ओतावे. पाण्याने वाळू सैल होते आणि खुंटी आत जाते. पाणी मुरले की तीच वाळू घट्ट बसते. निदान दीड फूट खुंटी वाळूत गेली पाहिजे. कारण इथे पहारेचाच नियम लागू पडतो. सहा फूट उंचीवर दोन किलोची ओढ बसली, तर वाळूत एक फुटावर ती बारा किलोची होते. वरवर रोवलेली खुंटी ही ओढ सोसत नाही.

खुंटी जवळजवळ सरळ उभी असावी. पाण्याकडे फार झुकवली तर दोरा फुटणाऱ्या लाटांत पडतो आणि मासा लागल्याचा भास होत राहतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिळाची पकड थोडी सैल ठेवावी. मासा ओढू लागला तर दोरा सुटेल, काठी जागेवर राहील. पकड आवळलेली असेल तर कितीही खोल खुंटी उपटते.

भरती-ओहोटीचा हिशेब

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला भरती साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अंदाजासाठी ही रीत पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येते. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि आपला गाव बैलबाजारात गुंतलेला असतो, त्याच दिवसांत किनाऱ्यावर मोठी भरती असते. अशा वेळी पाणी भराभर वर चढते आणि प्रत्येक लाट खुंटीच्या बुंध्याची वाळू उकरून नेते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी खुंटी तपासावी, गरज पडल्यास मागे घ्यावी.

नदीवर आणि धरणावर

आपल्या नद्यांचा काठ मातीचा, धरणाचा दगडाचा. तिथे पोकळ खुंटीऐवजी बेचके बरे. पुढे दुबेळक्याची काठी आणि मागे मूठ अडकवायला दुसरी खाच, एवढे पुरते. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यांचे पोट त्यावर आहे. पावसाळ्यात प्रशासनाने बंदी घातली असेल तर काठावर जाऊच नये.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

मुलांना बरोबर न्यायचे असेल तर गळ टाकताना त्यांना मागे न ठेवता बाजूला आणि लांब उभे करावे. मागे फिरवलेला गळ डोळ्याला लागू शकतो. शिंगाळ्याच्या काट्याने किंवा पाकटाच्या शेपटीने इजा झाल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी. विष उतरून वेदना कमी होते. त्यानंतर दवाखान्यात जावे, काटा आत राहिलेला असू शकतो. वीज कडाडू लागली तर काठ्या तिथेच सोडून निघावे, कारण उभी काठी विजेला वाट करून देते. तुटलेला दोरा आणि गळ वाळूत टाकू नयेत. पक्षी त्यात अडकतात, अनवाणी पोरांच्या पायात गळ रुततो. लहान मासे पाण्यात सोडावेत आणि घरी लागतील तेवढेच आणावेत.

एक नियम मात्र घरातल्या बायाबापड्यांनीच घालून द्यावा. काठी पाण्यात गेली तर जाऊ द्यायची, तिच्यामागे कोणी पाण्यात उतरायचे नाही. बांबूची खुंटी संध्याकाळच्या फावल्या वेळात पुन्हा तयार होते. म्हणून निघण्यापूर्वी खुंटी नीट आहे ना हे पाहावे, आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे.