भिंतीला पाणी कोण पाजतं?

पावसाळ्यात अनेक घरांत भिंतीवर डाग उमटतो. रंगाचे पोपडे सुटतात, कुबट वास येतो आणि मोठी माणसं म्हणतात, "ओल आली!" पण आली कुठून? चला, शोधून काढू.

आधी डाग नीट बघा. तो वरून खाली पसरतोय आणि पाऊस उघडला की हळूहळू वाळतोय? मग गच्चीला किंवा बाहेरच्या भिंतीला चीर असू शकते. भर उन्हाळ्यातही डाग ओलाच, आणि पलीकडे न्हाणीघर? मग पाइपवर संशय घ्या. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा. तो तरीही फिरत असेल, तर पाणी बहुधा कुठंतरी गळतंय.

डाग जमिनीपासून वर चढलाय? हो, पाणी वरही चढतं! विटेत अगदी बारीक छिद्रं असतात. पाण्याचे रेणू छिद्रांच्या कडांना चिकटतात आणि आपल्यामागून दुसऱ्या रेणूंना ओढत नेतात. हे केशाकर्षण. खडूचं टोक शाईच्या पाण्यात बुडवून बघा, शाई वर सरकताना दिसेल. जमिनीतली ओल भिंतीत साधारण मीटरभर चढते. सोबत क्षारही आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भिंतीवर बोट फिरवल्यावर हाताला लागणारी पांढरी भुकटी म्हणजे तेच क्षार. याला लोणा म्हणतात.

आणि कधी कधी भिंतीला पाणी देते चक्क हवा! ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना फक्त १७. त्यामुळे दमट हवा गार भिंतीला टेकली, की जास्तीच्या बाष्पाचे थेंब होतात.

मग पाणी हवेतलं की भिंतीतलं? भिंत फडक्यानं कोरडी करा. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील, तर हवेतलं बाष्प. खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. आतल्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येतंय.

मात्र ओल्या भिंतीवरच्या विजेच्या बटणांना अजिबात हात लावू नका. आणि रंगाचा डबा घरात येण्याआधी तुमचा तपास मोठ्यांना सांगा. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय कितीही महागडा रंग लावला, तरी तो टिकत नाही!