रिअ‍ॅक्टरमधला ‘हॉट स्पॉट’ काय असतो? थोड्याशा जागेतली उष्णता अख्खा प्लांट कशी उडवू शकते?

३ जून २०१४ च्या रात्री नेदरलँड्समधील मूर्डाइक इथल्या शेल कंपनीच्या केमिकल प्लांटमध्ये मोठा स्फोट झाला. दोन कामगार भाजले. रिअ‍ॅक्टरचे तुकडे शेकडो मीटर लांब जाऊन पडले.

विशेष म्हणजे तेव्हा तिथं उत्पादन सुरूच नव्हतं. देखभालीनंतर रिअ‍ॅक्टर फक्त गरम केला जात होता. मग स्फोट झाला कसा?

आधी रिअ‍ॅक्टर समजून घेऊ

अशा रिअ‍ॅक्टरमध्ये उत्प्रेरकाच्या, म्हणजे कॅटलिस्टच्या लहान गोळ्यांचा थर असतो. त्यातून द्रव किंवा वायू सोडला की रासायनिक अभिक्रिया वेगानं होते. अनेक अभिक्रियांमधून उष्णता बाहेर पडते. वाहता द्रव किंवा वायू ती सोबत घेऊन जातो.

हॉट स्पॉट कसा तयार होतो?

समजा, एका जागी द्रव नीट पोहोचला नाही. तिथली उष्णता तिथंच साचते. तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो. ढोबळमानानं दर १० अंशांना तो दुप्पट होतो. वेग वाढला की आणखी उष्णता. हे चक्र सुरू झालं की थांबवणं कठीण. यालाच ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

मूर्डाइकमध्ये काय घडलं?

रिअ‍ॅक्टर गरम करण्यासाठी इथाइलबेंझिन हा द्रव वापरला होता. उत्प्रेरकासोबत त्याची अभिक्रिया होत नाही, असं गृहीत धरलं होतं. हा समज १९७७ मधल्या चाचण्यांवर आधारलेला होता. नंतर उत्प्रेरक बदलला, समज मात्र तोच राहिला.

डच सेफ्टी बोर्डाच्या तपासानुसार, उत्प्रेरकाचा काही भाग पुरेसा भिजलाच नाही. तिथं हॉट स्पॉट तयार झाले, अभिक्रिया भडकली, वायू साचून दाब वाढला आणि स्फोट झाला.

थर्मामीटर असतोच ना?

असतो. पण तो जिथं बसवलाय, तिथलंच तापमान सांगतो. भात खाली करपत असला तरी वरून पांढराशुभ्र दिसतो, तसंच हे. सच्छिद्र गोळ्यांमधून उष्णता सहज पसरत नाही. त्यामुळे थोड्या अंतरावरचा सेन्सर ‘सगळं ठीक’ दाखवू शकतो.

मग उपाय काय?

• एका मोठ्या टाकीऐवजी हजारो बारीक नळ्या. प्लास्टिक आणि रंगांसाठी लागणारं थॅलिक अ‍ॅनहायड्राइड असंच बनतं. नळ्यांभोवती वितळलेलं मीठ फिरवून उष्णता काढून घेतली जाते.

• सुरुवातीच्या भागात कच्चा माल भरपूर असल्यानं तिथं उष्णता जास्त. म्हणून तिथं उत्प्रेरकात निष्क्रिय गोळ्या मिसळतात.

• एकाच नळीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजणारे सेन्सर.

• उत्प्रेरक बदलला की सुरक्षेच्या चाचण्या नव्यानं करणं.

थोडक्यात, सरासरी तापमान ठीक असलं म्हणजे रिअ‍ॅक्टर सुरक्षित, असं नाही. सर्वात गरम जागा कुठं आहे, हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं.