अश्वशक्ति वाढविण्यापूर्वीं

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या चैत्रांत आलापल्लीस मजकडे आला, तो एका ठेंगण्या मोटारींतून. गाडी दुसऱ्या हातची, पण हौस अगदीं नवी. "गुरुजी, हिला टर्बो आहे. थोडा दाब वाढवून घेतला कीं तीस अश्वशक्ति फुकट मिळते," असें तो म्हणाला. 'फुकट' हा शब्द पदार्थविज्ञानाच्या तासाला मला कधींच खपला नाहीं. सबब त्या फुकट शक्तीचा हिशेब मीं त्याच्यापुढें मांडला, तोच आज आपल्यापुढें मांडतों.

गाडी होती अबार्थ पुंटो. नांव इटालियन असलें तरी जन्म आपल्या पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवचा. २०१५ सालीं ती विक्रीस आली; आतां तिचें उत्पादन बंद झालें आहे. तिच्या इंजिनाचें आकारमान १३६८ घनसेंटिमीटर. याच आकारमानाचें, परंतु टर्बो नसलेलें पेट्रोल इंजिन साध्या पुंटोंतहि येत असे, आणि तें ९० अश्वशक्ति देई. अबार्थचें इंजिन १४५ देतें. पोट तेवढेंच, मग बळ दीडपटीहून अधिक कसें?

याचें उत्तर हवेंत आहे. एक भाग पेट्रोल पुरतेंपणीं जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल अधिक सोडणें सोपें. त्याच नळकांड्यांत हवा अधिक कोंबणें अवघड. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या यंत्रज्ञानें १९०५ सालीं यावर तोड सुचवून तिचें पेटंट घेतलें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एरवीं वायां जातो. त्यावर एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून आंत लोटावी. हीं इवलींशीं चक्रें मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. दाब बेताबाहेर जाऊं नये म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप असते. स्वयंपाकघरांतल्या कुकरची शिटी जें काम करते, तेंच थोड्या निराळ्या रीतीनें ही झडप करते. ती केव्हां उघडावी हें गाडींतला संगणक ठरवितो. 'रीमॅप' करणारे कारागीर या संगणकांतले आंकड्यांचे तक्ते बदलतात. काम थोड्या वेळाचें, आणि हाताला वंगणहि लागत नाहीं. मोह पडतो तो म्हणूनच.

आतां दुसरी बाजू. सायकलच्या चाकांत हवा भरल्यावर पंपाचें बूड ज्यानें चांचपून पाहिलें आहे, त्याला दाबलेली हवा तापते हें निराळें सांगावयास नको. तापलेली हवा विरळ होते. सबब टर्बो आणि इंजिन यांच्यामध्यें 'इंटरकूलर' नांवाची हवा निवविणारी जाळी बसवितात. पण ती निवणार बाहेरच्या हवेनें, आणि आमच्याकडे वैशाखांत बाहेरचीच हवा भट्टींतून निघाल्यासारखी असते. वीस अंशांवरच्या हवेपेक्षां सत्तेचाळीस अंशांवरची हवा सुमारें आठ टक्के विरळ असते, हा हिशेब आपण कागदावर करून पाहावा. याहून वाईट गोष्ट अशी कीं अति दाबलेलें तप्त मिश्रण ठिणगीनें शिस्तवार जळत न जातां त्याचा उरलेला भाग एकदम आपोआप भडकतो. या ठोक्यांनीं दट्ट्याला भोंक पडल्याचीं उदाहरणें आहेत. गाडीचा संगणक ठोका ओळखून ठिणगी उशिरां पाडतो, म्हणजे शक्ति आपणच कमी करतो. एकंदरीत, पैसे मोजून घेतलेली अश्वशक्ति आलापल्लीच्या दुपारीं यंत्र परत काढून घेतें!

इंजिनांतून निघालेलें बळ चाकांपर्यंत नेणारा दुवा म्हणजे क्लच. हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत ही तबकडी केवळ घर्षणावर पकड धरते, आणि त्या पकडीस मर्यादा असते. मीं त्यास विचारलें, "अरे, तुझा क्लच कसा आहे?" त्यास ठाऊक नव्हतें. मोकळा सरळ रस्ता पाहून, वेग बेताचा असतां, वरच्या गिअरांत पाय दाबावा. इंजिनाचे फेरे चढले आणि गाडी मात्र त्या मानानें पुढें गेली नाहीं, तर क्लच घसरतो आहे असें समजावें. आम्ही तसें केलें. मूळच्या १४५ अश्वशक्तीलाच तो घसरत होता.

ब्रेकचें गणित तर याहून कठोर आहे. वेग साठांवरून नव्वदांवर गेला तर दीडपट झाला. पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे सव्वादोनपट होते. कारखानदारानें हें जाणलें होतें. साध्या पुंटोच्या मागच्या चाकांना ड्रम, तर अबार्थच्या चारीहि चाकांना डिस्क, आणि गाडी अधिक खालीं व ताठ बसविलेली. ज्यानें ५५ अश्वशक्ति वाढविली त्यानें तेवढ्यावर हात झटकले नाहींत. तक्ते बदलणारा बहुधा झटकतो.

दुसरे दिवशीं पहांटे आम्ही भामरागडच्या रस्त्यानें थोडें गेलों. मोहाचा हंगाम होता. दोन्ही बाजूंस सागाचीं वाळलेलीं पानें पसरलेलीं, आणि झाडाखालीं टोपल्या घेऊन फुलें वेंचणारीं बायामुलें. त्यांतील एक पोर टोपली सांवरीत अकस्मात रस्त्यावर आलें. गाडी थांबली, परंतु माझ्या अंदाजाहून पुष्कळ पुढें जाऊन. पोर एव्हाना पलीकडे पोहोंचलें होतें, म्हणून निभावलें. आम्ही दोघेहि बराच वेळ बोललों नाहीं. परत आल्यावर तपासलें, तों ब्रेकचे पॅड झिजलेले, टायर वयानें कडक झालेले आणि ब्रेकचें तेल कधीं बदललें याची नोंदच नाहीं. हें तेल हवेंतील ओल शोषतें. मग तापल्यावर त्यांत वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. दर दोन वर्षांनीं तें बदलणें बरें.

कायद्याचेंहि सांगितलें पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं न जुळणारा बदल गाडींत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तसाच निर्णय दिला. विमा कंपनीस न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊं शकतो. नवे पॅड, ताजें तेल, मूळ मापाचे चांगले टायर व मूळ जातीचा क्लच यांस कोणाची आडकाठी नाहीं. शर्यतीची हौसच असेल तर तिला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें आणि कोइमतूरजवळ बांधलेल्या धांवपट्ट्या आहेत. तेथें मोह वेंचावयास कोणी येत नाहीं.

श्रावणांत त्याचें पत्र आलें. क्लच बदलला, ब्रेकचें सर्व काम झालें, टायर नवे घातले. खर्चाचा आंकडा त्यानें दोनदां अधोरेखित केला होता. तक्ते बदलण्याविषयीं पत्रांत एक अक्षर नव्हतें. गाडी आतां पूर्वीपेक्षां चपळ वाटते, असें मात्र लिहिलें होतें.