जाळी बसली, गोळ्यांचे काय?

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, बोर धरणाजवळचे गाव. इथल्या एखाद्या शेतमजूर बाईचे डोके एकाएकी फुटल्यासारखे दुखले, उलटी झाली, मान ताठली, तर घरचे काय म्हणतील? ऊन लागले! प्रत्यक्षात मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटलेला असू शकतो. सेवाग्राम वा नागपूर गाठताना होणारे हाल आमच्या वाचकांना सांगायला नकोत. आम्हाला त्यापुढचे बोलायचे आहे.

कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावणे हा जुना मार्ग. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी 1937 साली तो दाखवला. नवा मार्ग म्हणजे जांघेतून नळी घालून फुग्यात तारेची कॉइल भरणे आणि मान रुंद असेल तर धमनीत जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवणे. कवटी उघडावी लागत नाही, रुग्ण लवकर घरी जातो. फुटलेल्या फुग्याच्या 2,143 रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत (2002) क्लिपपेक्षा कॉइलचे वर्षभरानंतरचे निकाल सरस ठरले. तेव्हा नव्या तंत्राला नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण जाळीवर गुठळी धरू नये म्हणून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल कित्येक महिने घ्यावे लागते. मजुरी बुडाली, गोळ्या चुकल्या, की जाळी तुंबून अर्धांगवायूचा धोका. शिवाय जाळी सरकली किंवा फुगा भरतच राहिला, तर अखेर कवटी उघडण्याची पाळी येऊ शकते. ती शस्त्रक्रिया आता अधिक अवघड असते. आतली धातूची जाळी क्लिपला नीट मिटू देत नाही. गोळ्यांमुळे रक्त थांबत नाही. गोळ्या थांबवाव्यात तर गुठळीची भीती! कधी डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडून रक्ताला दुसरी वाट द्यावी लागते, मग फुगा कायमचा बंद करता येतो. असे काम करणारे सर्जन मोजकेच.

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमती बांधल्या, साधा 7,260 रुपये, औषध लावलेला 29,600. पण तो आदेश हृदयाच्या स्टेंटपुरता होता. मेंदूची जाळी त्यात नव्हतीच. संविधानाच्या 47 व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. मग त्या दोन गोळ्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात न चुकता का मिळू नयेत?

बांधवांनो, संमतीपत्रावर अंगठा उमटण्याआधी विचारा: क्लिप का जमणार नाही? गोळ्या किती महिने, कोठून? पुन्हा अँजिओग्राफी केव्हा? बिघडलेच तर शस्त्रक्रिया कोण करील? आणि जाळी बसलीच असेल, तर दात काढायलासुद्धा त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.