परभणीएवढा देश आणि युरोपचा बास्केटबॉल

२०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार भरली होती. बाल्टिक समुद्राच्या काठावरच्या लाटव्हिया या देशाची आजची लोकसंख्याही अठरा-एकोणीस लाखांच्याच घरात आहे. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आणि पाथरीपासून पूर्णेपर्यंत जेवढी माणसं राहतात, तेवढ्याच माणसांचा तो एक स्वतंत्र देश. युरोपातल्या राष्ट्रीय संघांची पहिली बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९३५ साली झाली, ती याच देशाने जिंकली. स्पेन, इटली, फ्रान्स हे मोठे देश मागे राहिले.

आज ही स्पर्धा 'युरोबास्केट' या नावाने ओळखली जाते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तिच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. तरीही मराठवाड्यातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने तिचा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं. लहान मुलूख मोठा खेळाडू कसा घडवतो, याचं उत्तर त्या इतिहासात आहे.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी झाला. बाहेर बर्फ पडत असताना मुलांना बंदिस्त खोलीत काय खेळायला द्यावं, या विवंचनेतून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने भिंतीवर टोपल्या टांगल्या. वायएमसीए संस्थेच्या शिक्षकांनी काही वर्षांतच हा खेळ जगभर नेला, भारतातही आणला. पण खेळ पोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं. तो रुजायला त्याच्याभोवती संघटना लागते. १८ जून १९३२ रोजी जिनिव्हात आठ देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ स्थापन केला. त्या आठांत इटली होता, ग्रीस होता, दूरचा अर्जेंटिना होता आणि चिमुकला लाटव्हियाही होता. तीन वर्षांत त्याच जिनिव्हात दहा संघ जमले. २ ते ४ मे १९३५ असा तीनच दिवसांचा तो मामला. अंतिम सामन्यात लाटव्हियाने स्पेनला २४-१८ असं हरवलं.

आजच्या सामन्यांत एकेक संघ ऐंशी-नव्वद गुण करतो, म्हणून हा आकडा विचित्र वाटेल. पण त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर आणायचा, पंचाने तो उंच उडवायचा आणि दोन उंच खेळाडूंनी त्यासाठी उडी घ्यायची. शिवाय ठरावीक सेकंदांत चेंडू रिंगकडे फेकलाच पाहिजे, असं बंधन नव्हतं. पुढे असलेला संघ चेंडू आपसात फिरवत वेळ काढू शकत असे. ३० सेकंदांची मर्यादा १९५६ मध्ये आली आणि २००० साली ती २४ सेकंदांवर आली. लाटव्हियाच्या त्या विजयी संघावर २०१२ साली तिथे एक चित्रपटही निघाला.

विजेत्याकडे पुढचं यजमानपद, म्हणून १९३७ ची स्पर्धा लाटव्हियाची राजधानी रीगा इथे भरली. घरच्या मैदानावर लाटव्हियाला पदकही मिळालं नाही, आणि चषक नेला तो शेजारच्या लिथुआनियाने. लिथुआनियाने यासाठी एक युक्ती केली होती. अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिथुआनियन कुटुंबांतली मुलं त्यांनी बोलावून घेतली. खेळ अमेरिकेत शिकलेला, रक्त मात्र आपलं. या मुलांनी नुसता चषक जिंकून दिला नाही, तर गावोगावच्या पोरांना चेंडू कसा हाताळायचा हे दाखवलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. बाहेर गेलेला माणूस गावाकडे काय घेऊन येऊ शकतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्रीडाइतिहासात क्वचितच सापडेल.

आता यजमानपद लिथुआनियाकडे आलं. त्यांची ऐतिहासिक राजधानी व्हिल्नियस तेव्हा पोलंडच्या ताब्यात होती, कारभार कौनास शहरातून चालायचा. त्या कौनासमध्ये स्पर्धेसाठी त्यांनी एक नवंकोरं क्रीडागृह उभं केलं. खास बास्केटबॉलसाठी बांधलेलं युरोपातलं पहिलं क्रीडागृह म्हणून ते ओळखलं जातं आणि आजही ते उभं आहे. मे १९३९. आठ संघ, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं अशी साखळी. यजमानांचा पहिलाच सामना लाटव्हियाशी पडला. लिथुआनियाच्या संघात होता प्रानास लुबिनास, अमेरिकेत वाढलेला, दोन मीटरहून उंच, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्णपदक मिळवलेला. शेवटच्या क्षणांत लाटव्हिया एका गुणाने पुढे होता. तेवढ्यात चेंडू लुबिनासच्या हातात आला, त्याने तो जाळीत टाकला आणि लिथुआनियाने ३७-३६ ने बाजी मारली. शेवटी पहिला क्रमांक लिथुआनिया, दुसरा लाटव्हिया, तिसरा पोलंड. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांत पोलंडवर हल्ला झाला आणि दुसरं महायुद्ध पेटलं. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा दोन्ही बाल्टिक देशांत शिरल्या. विजेता आणि उपविजेता, दोन्ही देश नकाशावरून पुसले गेले.

खेळ मात्र पुसला गेला नाही. १९४७ मध्ये प्रागला सोव्हिएत संघ पहिल्यांदा उतरला आणि थेट विजेता झाला, त्या संघात बाल्टिक खेळाडूंचा भरणा होता. पुढे युरोपातल्या क्लबांची चषक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा १९५८ पासूनचे पहिले तिन्ही चषक रीगाच्या एका क्लबने पटकावले. देश गेला तरी कोर्ट राहिली, प्रशिक्षक राहिले, शनिवार-रविवारचे सामने राहिले.

मधल्या एका स्पर्धेची हकिकत सांगायलाच हवी. १९४९ ची स्पर्धा सोव्हिएत संघाने भरवायची होती, त्यांनी नकार दिला. अखेर ती इजिप्तमध्ये, कैरोत झाली. इजिप्तचा संघ तेव्हा युरोपच्या स्पर्धेत खेळत असे. विमानप्रवासाचा खर्च आणि अंतर पाहून बरेच युरोपीय संघ आलेच नाहीत. सात संघांत इजिप्त पहिला आला, आणि आफ्रिका खंडातला देश युरोपचा विजेता म्हणून कायमचा नोंदला गेला. १९५३ साली मॉस्कोत ही स्पर्धा चक्क उघड्या फुटबॉल मैदानावर झाली. क्रीडागृह नाही म्हणून खेळ नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१९५७ ते १९७१ या काळात सोव्हिएत संघाने सलग आठ वेळा जेतेपद राखलं. मग युगोस्लाव्हियाचा काळ आला. त्या वर्षांचा तपशील मी इथे देत नाही, पण १९९१ च्या रोममधल्या स्पर्धेपाशी थांबावंच लागतं. स्पर्धा चालू असतानाच, २५ जूनला, स्लोव्हेनियाने युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. युगोस्लाव्ह संघातला युरी झ्दोव्त्स हा खेळाडू स्लोव्हेनियाचा. उपांत्य सामन्याआधी त्याला त्याच्या सरकारचा निरोप आला, या संघाकडून आता खेळायचं नाही. तो संघ सोडून निघून गेला. उरलेल्यांनी सुवर्णपदक जिंकलं, पण तो एकसंध संघ त्यानंतर पुन्हा कधी दिसला नाही. चार वर्षांनी अथेन्समध्ये उरलेल्या युगोस्लाव्हियाने अंतिम सामना जिंकला. तिसरा आलेला क्रोएशियाचा संघ युगोस्लाव्हियाचा सन्मान होण्याआधीच पदकांच्या चौथऱ्यावरून उतरून चालता झाला. युद्ध चालू होतं, आणि कालपर्यंत एका संघात खेळलेली मुलं एकमेकांकडे पाहायलाही तयार नव्हती.

त्याच अंतिम सामन्यात पंचांच्या निर्णयांवर चिडून लिथुआनियाचा संघ खेळ थांबवून बसला होता. त्यांना परत मैदानावर यायला विनवलं ते प्रतिस्पर्धी युगोस्लाव्हियाच्या अलेक्झांडर जॉर्जेविचने. त्या दिवशी त्याने एकट्याने ४१ गुण केले होते, त्यात नऊ फेक तीन-तीन गुणांच्या. सामना ९६-९० असा संपला. एवढं खेळून वर समोरच्याला 'या, सामना पुरा करू' म्हणणारा खेळाडू मला त्या ४१ गुणांपेक्षाही मोठा वाटतो.

स्पर्धेने देश कसा बदलतो, याचं उत्तम उदाहरण ग्रीस आहे. १९८७ साली अथेन्समध्ये यजमान ग्रीसने सोव्हिएत संघाला जादा वेळेत १०३-१०१ असं हरवलं. निकोस गालिसने ४० गुण केले. तोही लुबिनाससारखाच, अमेरिकेत वाढलेला ग्रीक. पण शेवटचे दोन गुण आर्गिरिस कांबुरिस या फारसं नाव नसलेल्या खेळाडूचे. चार सेकंद उरलेली, बरोबरी, त्याला दोन फ्री थ्रो मिळाल्या. दोन्ही आत गेल्या. त्यानंतर ग्रीसच्या गल्लीबोळांत बास्केटबॉल घुसला. अशाच अथेन्समध्ये एका गरीब नायजेरियन स्थलांतरिताच्या घरात वाढलेला यानिस अँटेटोकुंपो पुढे जगातला अव्वल खेळाडू झाला.

२०१७ मध्ये स्लोव्हेनियाची पाळी आली. लोकसंख्या वीस-एकवीस लाख. नऊच्या नऊ सामने त्यांनी जिंकले, अंतिम सामन्यात ते सर्बियाला ९३-८५ ने भारी पडले. गोरान द्रागिचने ३५ गुण केले. अठरा वर्षांचा लुका दोंचिच त्या सामन्यात मध्येच घोट्याला दुखापत झाल्याने बाकावर जाऊन बसला, तरी डाव सुटला नाही.

या स्पर्धेची आजची रचना अशी. चोवीस संघ, सहा-सहांचे चार गट, चार वेगवेगळ्या देशांत. गटातला प्रत्येक संघ किमान पाच सामने खेळतो. प्रत्येक गटातले पहिले चार संघ, म्हणजे एकूण सोळा, पुढे जातात आणि एकाच शहरात बाद फेरी होते. २०२५ मध्ये रीगा, टांपेरे, कातोवित्से आणि लिमासोल इथे गटसामने झाले, पुढचे सगळे रीगात. १४ सप्टेंबरला जर्मनीने तुर्कस्तानला ८८-८३ ने हरवून जेतेपद मिळवलं. यजमान लाटव्हियाला सोळांच्या फेरीत घरी बसवलं ते, पुन्हा, शेजारच्या लिथुआनियाने. पूर्वी ही स्पर्धा दर दोन वर्षांनी व्हायची, २०१७ नंतर ती चार वर्षांवर गेली. माझ्या मते दोन वर्षांचाच नेम बरा होता. पण मधल्या काळात पात्रता सामने आलटून-पालटून एकमेकांच्या गावी होतात, त्यामुळे राष्ट्रीय संघ लहान शहरांतल्या मुलांनाही पाहायला मिळतो.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळला, १९८० साली मॉस्कोत, आणि एकही सामना जिंकू शकला नाही. याचा अर्थ आपल्याकडे गुण नाहीत असा अजिबात नाही. मुंबईच्या नागपाड्यातल्या गल्लीतून अब्बास मुंतसिरसारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू निघाला. २०१७ मध्ये बंगळूरला भारतीय महिलांनी आशियाई स्पर्धेच्या ब गटाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. आणि परभणीची ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आहे.

पाय आहेत, हात आहेत, जिद्द आहे. कमी पडतात ते सामने. आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी पोरं गाडीतून उतरतात, चाळीस मिनिटांचा सामना हरतात आणि दुपारी घरी परततात. वर्षभर सराव करून वर्षाला एक सामना! अशा मुलाला आपण काय चुकलो हे कळायलाही पुढचा सामना मिळत नाही. कौनासमध्ये १९३९ साली आठांपैकी प्रत्येक संघाला सात सामने मिळाले होते, हरला तरी.

मराठवाड्यातही जिल्हे आठच आहेत. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर. लांबचा प्रवास म्हणजे एका रात्रीची एसटी. कोर्ट लागतं २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद, रिंग ३.०५ मीटर उंचीवर. उन्हाळ्यात परभणीत दुपारी बाहेर उभं राहवत नाही हे खरं, पण दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या संध्याकाळी याच खेळासाठी बनवल्यासारख्या असतात. क्रीडाशिक्षकांनी, जिल्हा संघटनांनी आणि कृषी विद्यापीठासारख्या मोठं आवार असलेल्या संस्थांनी मनावर घेतलं, तर मुलामुलींची आठ जिल्ह्यांची साखळी स्पर्धा एका हिवाळ्यात बसते. पहिल्या वर्षी चार जिल्हे आले तरी चालेल. पण ती दरवर्षी, ठरल्या तारखांना झाली पाहिजे, आणि हरलेल्या संघालाही पुढच्या शनिवारी दुसरा सामना मिळाला पाहिजे. ज्यांच्या हातात एखादं मैदान आहे, त्यांनी येत्या हिवाळ्याच्या तारखा आत्ताच ठरवाव्यात.