अ‍ॅनी बेझंट यांचे थोरले दीर

अ‍ॅनी बेझंट हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्यांचे थोरले दीर सर वॉल्टर बेझंट मात्र विस्मरणात गेले, आणि ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

पोर्ट्समथमध्ये १८३६ साली जन्मलेले वॉल्टर काही वर्षं मॉरिशसमध्ये प्राध्यापक होते. पुढे लंडनला येऊन कादंबरीकार झाले.

१८८२ च्या ‘ऑल सॉर्ट्स अँड कंडिशन्स ऑफ मेन’मध्ये एक गडगंज तरुणी ओळख लपवून गरिबांच्या ईस्ट एंडमध्ये राहायला जाते आणि तिथल्या लोकांसाठी करमणुकीचा, शिक्षणाचा महाल उभारते. पाचच वर्षांत माइल एंड रोडवर ‘पीपल्स पॅलेस’ प्रत्यक्षात आला! उद्घाटनाला खुद्द व्हिक्टोरिया राणी. आज तिथे क्वीन मेरी विद्यापीठ आहे.

लेखकांच्या हक्कांसाठी १८८४ मध्ये त्यांनी ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ स्थापन केली.

शेवटची वर्षं लंडनच्या इतिहासाला वाहिली. १९०१ मध्ये ते गेले. त्या इतिहासाचे जाडजूड खंड नंतर निघाले.

थेम्सकाठी, व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर जॉर्ज फ्रॅम्प्टन यांनी घडवलेलं त्यांचं ब्राँझचं स्मारक आहे. लेखकबांधवांनी उभारलेलं. त्यावर कादंबरीकारासोबत ‘लंडनचे इतिहासकार’ अशीही नोंद आहे.

त्यांचं काही वाचलंय कुणी? कमेंटमध्ये जरूर सांगा, प्रश्नही विचारा.