ठक, ठग आणि थग

इंग्रजी बातम्यांत दंगल किंवा मारहाण आली, की 'थग' हा शब्द हमखास भेटतो. अर्थ सरळ : दांडगाई करणारा गुंड. हा शब्द आपल्याकडूनच गेला, हे अनेकांना ठाऊक असते. मी कविता लिहितो, म्हणून मला कुतूहल वाटते ते या प्रवासात त्याच्या अर्थाचे काय झाले याचे.

संस्कृतात 'स्थग्' हा धातू आहे. अर्थ झाकणे, लपवणे. कोर्टाची 'स्थगिती' याच घरातली. हिंदीतला 'ठग' आणि मराठीतला 'ठक' हेही त्याच गोतावळ्यातले. आपला ठक रक्त सांडत नाही. तो गोड बोलून गंडवतो. म्हणून तर आपण कौतुकमिश्रित हसू आणून 'ठकास महाठक' म्हणतो.

१८३०च्या दशकात कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने जबलपूर भागात वाटमाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोहीम काढली. वाटसरूंशी सलगी करायची आणि रुमालाने गळा आवळायचा, अशी या टोळ्यांची रीत सांगितली गेली. १८३६ साली कायदा झाला. एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही होता एवढे सिद्ध झाले, की जन्मठेप. त्याने कोणाला मारले, हे दाखवायची गरज नव्हती. पुरावा बहुधा माफीच्या साक्षीदारांचा. खून झाले यात शंका नाही. पण ठगांचा एकच देशव्यापी पंथ होता, हे चित्र इतिहासकारांना आज तसेच्या तसे मान्य नाही.

१८३९ मध्ये मेडोज टेलर या निजामाच्या नोकरीतल्या इंग्रजाने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. ती इंग्लंडात गाजली आणि शब्द घरोघर पोचला. 'ठ'चा 'थ' झाला, फसवणूक मागे पडली, हिंसा उरली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत तर ३१०व्या कलमात 'ठग'ची व्याख्याच आली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती नाही.

शब्द मात्र अजून माणसे ओळखायला वापरला जातो. २०१५ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेला एक कृष्णवर्णीय तरुण दगावला आणि दंगल उसळली. दंगलखोरांना 'थग' म्हटले गेले, तेव्हा अनेकांनी विचारले : ही गुन्ह्याला दिलेली शिवी, की कातडीच्या रंगाला? तिथल्या महापौरबाईंनी तो शब्द मागे घेतला.

दूर कशाला जायचे? १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १८३६मध्ये टोळी पुरेशी होती, आता जन्म पुरेसा झाला. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. 'भामटा' हे महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतले एक नाव आहे. आणि आपल्या वर्तमानपत्रांत मथळा असतो : 'भामट्याने वृद्धेला गंडवले.'

त्या जमातीचे एखादे पोर शाळेत हा मथळा वाचत असेल. फसवणाऱ्याला 'ठक' म्हणायची सोय आपल्या भाषेत आहेच. तेवढी आपण वापरू या.